जास्तीचं मॅगझिन घेताना काय बघायचं

पंचवीस मीटरच्या पिस्तूल स्पर्धेत सिरीज, म्हणजे पाच गोळ्यांची फेरी, चालू असताना गोळी सुटली नाही, तर काय करायचं हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. पिस्तूल टार्गेटच्या दिशेनंच धरायचं, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत यंत्रणेला बोट लावायचं नाही. ऑफिसर येऊन बघतो आणि ठरवतो की दोष हत्याराचा आहे की तुमचा. हत्याराचा ठरला तर स्पर्धेच्या प्रकाराप्रमाणे ती सिरीज पुन्हा मारायला किंवा पुरी करायला मिळते, पण ही सवलतही किती वेळा घ्यायची याला मर्यादा आहे. तुमचा ठरला तर न सुटलेल्या गोळ्यांचे शून्य गुण.

'तुमचा दोष' या सदरात बऱ्याच गोष्टी येतात. सेफ्टी काढायची राहिली, गोळ्या कमी भरल्या, ट्रिगर पुरता पुढे येऊ दिला नाही, वगैरे. त्यातच एक कलम असं आहे: मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसणारा गोळ्यांचा डबा, नीट बसवलेलं नव्हतं किंवा मारता मारता निसटून पडलं. यंत्रणाच मोडल्यामुळे पडलं असेल तरच माफी. म्हणजे पिस्तुलात अडकून राहायची खाच झिजलेल्या मॅगझिननं मधेच साथ सोडली, तर तुम्ही कितीही हळहळा, शिक्षा तुम्हालाच होण्याची शक्यता जास्त.

इंदुरात नेमबाजी शिकणारी मराठी घरातली मुलं आता बरीच दिसतात. सुरुवात बहुतेकांची दहा मीटरच्या एअर पिस्तुलानं होते. तिथे मॅगझिन हा विषयच नाही, एक छर्रा भरा, एक मारा. मूल पुढे सरकलं की पॉइंट टू टू, म्हणजे .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळतं आणि घरच्यांचा खर्चाचा वेग बदलतो. मुठीला लाकडी ग्रिप घडवून घेतात, चष्मा करतात, बूट घेतात. पिस्तुलासोबत आलेल्या दोन मॅगझिनांकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. पहिलं जॅम होईपर्यंत, म्हणजे गोळी अडकेपर्यंत.

आपल्या इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. सुभेदार विजय कुमार तिथेच तयार झाले आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायरचं रौप्यपदक घेऊन आले. त्या फायनलमध्ये पाच-पाच गोळ्यांच्या आठ सिरीज होत्या, प्रत्येक सिरीज चार सेकंदांची. हात पंचेचाळीस अंशांत खाली, हिरवा दिवा लागला की वर उचलायचा आणि शेजारी शेजारी असलेल्या पाच टार्गेटांवर एकेक गोळी. क्यूबाच्या लेउरिस पुपोचे चाळीसपैकी ३४ हिट झाले, विजय कुमारांचे ३०. या चार सेकंदांत हात उचलण्याचा वेळही धरलेला आहे. तो वजा करा आणि बघा, दोन गोळ्यांच्या मधे पिस्तुलाला पुढची गोळी वर घ्यायला किती सवड मिळते.

हे काम मॅगझिन करतं. त्यात भाग फक्त चार. बाहेरचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळ्यांना उचलून धरणारा फॉलोअर आणि खाली तळपट्टी. डब्याच्या वरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या कडा असतात, त्यांना लिप्स म्हणतात. सगळ्यात वरची गोळी या लिप्सखाली अडून बसते. गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि परत येताना वरच्या गोळीला मागून ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, घालतो. बोल्ट पुढे यायच्या आत नवी गोळी वर आलेली हवी, दर वेळी त्याच उंचीवर, नाक त्याच कोनात. उशीर झाला तर बोल्ट तिच्यावरून निघून जातो. कोन चुकला तर नाक कुठेतरी टेकतं आणि खेळ थांबतो.

.२२ एलआरच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे, कारण त्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. बहुतेक लष्करी पिस्तुलांच्या काडतुसांना अशी कडा नसते, ती एकावर एक सरळ बसतात. इथे मात्र वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असावी लागते. मागे राहिली तर बोल्ट ढकलतो वरची, आणि ती अडकते खालचीला. काठ वळलेल्या ताटल्यांची उतरंड एका अंगानं ओढून बघा, वरच्या ताटलीचा काठ खालचीच्या काठामागे गेला की दोन्ही एकदम सरकतात नाहीतर दोन्ही अडतात, तसंच. म्हणून .२२ च्या मॅगझिनचा डबा जरासा तिरका असतो आणि म्हणूनच ते भरायची पद्धत महत्त्वाची. मॅगझिनच्या बाजूला बटण असेल तर मुलं ते खालपर्यंत दाबून धरतात आणि पाचही गोळ्या भसाभस आत सोडतात. गोळ्या आडव्यातिडव्या होतात, कडा एकमेकींत गुंततात. बटण एका गोळीपुरतंच खाली घ्यावं, एक गोळी सरकवावी, मग पुढची. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच दोनदा आपटावी, म्हणजे सगळी बुडं मागे टेकतात. पाठ आपटायची, लिप्स नव्हेत.

सेंटर फायर पिस्तुलात, म्हणजे .२२ पेक्षा मोठ्या गोळीच्या पिस्तुलात, त्रास वेगळा. तिथे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर नावाचं काडतूस चालतं. त्या गोळीला नाकच नसतं, काडतुसाच्या तोंडाशी सपाट कापलेली. कागदावर भोक सुरेख गोल पडतं, पण चेंबरमध्ये शिरताना वाट दाखवायला टोक नाही. तिथलं मॅगझिन त्याच पिस्तुलासाठी बनवलेलं असावं, यात तडजोड नको.

आता खरेदीकडे येऊ. माझं मत सरळ आहे: मॅच पिस्तुलासाठी मॅगझिन पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीचंच घ्यावं. पार्डिनी असेल तर पार्डिनीचं, वॉल्थर असेल तर वॉल्थरचं, मोरिनी असेल तर मोरिनीचं. तिसऱ्याच कुणी बनवलेलं 'अगदी तसंच' मॅगझिन स्वस्त असतं आणि कधीकधी चांगलंही निघतं. पण लिप्समधलं अंतर, खाचेची जागा, स्प्रिंगचा ताण यांत किंचित फरक पडला तरी तो मारताना दिसतो, आणि तो फरक शोधण्यात तुमच्या गोळ्या खर्च होतात. आपल्याकडे चांगल्या प्रतीच्या मॅच गोळ्या बाहेरून येतात. वाचवलेले पैसे तिथेच निघून जातात. मूळ कंपनीचं घेतानाही मॉडेल आणि पिढी विचारून घ्या. एकाच नावाच्या पिस्तुलात कंपन्या मधेच मॅगझिनची घडण बदलतात, आणि जुन्याचं नव्यात शिरतं पण नीट बसत नाही. असं मॅगझिन सगळ्यात वाईट, कारण दुकानात ते बसल्यासारखंच वाटतं.

बसलं की नाही हे कसं कळणार? रिकाम्या पिस्तुलात घाला, 'टक' असा आवाज यायला हवा. मग तळाशी चिमटीत धरून हलकेच खाली ओढा. यायला नको. आता मॅगझिन सोडवणारा कॅच दाबा. अडखळत नव्हे, सहज बाहेर यायला हवं. हेच आधीच्या मॅगझिनांवर करून हाताला फरक जाणवतो का बघा. एखादं दुसऱ्यांपेक्षा जास्त खुळखुळत असेल तर ते बाजूला.

लिप्स तपासायला मोबाईलचा टॉर्च पुरतो. मॅगझिन रिकामं करून डोळ्यांच्या पातळीवर, तोंड तुमच्याकडे, असं धरा. प्रकाश मागून येऊ द्या. दोन्ही लिप्स सारख्याच वळलेल्या, सारख्याच जाड दिसायला हव्यात. एक बाजू बाहेर उघडलेली असली तर मधली फट एका अंगाला रुंद दिसते. पुढच्या टोकाशी चकचकीत रेघ दिसली तर तिथे धातू घासला जातोय. नखानं त्या कडेवरून हळूच फिरवा, बारीक बुरा निघालेला असेल तर नख अडतं. मग फॉलोअर बोटानं तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा. मधे कुठे थांबला, कलला किंवा खरखरला तर आत घाण आहे किंवा डबा दबलेला आहे. सेकंडहँड पिस्तूल घेताना तर हे केल्याशिवाय व्यवहार करूच नये. विकणारा बॅरलची तारीफ करत असतो, तेवढ्यात तुम्ही मॅगझिन बघून घ्या.

लिप्स वाकतात कशानं? बहुतेक वेळा पडल्यानं. रेंजच्या फायरिंग पॉइंटवर खाली सिमेंट असतं, आणि भरलेलं मॅगझिन डोक्यावर पडलं की लिप्सना फटका बसतो. ते उचलून पुसून परत वापरायची सवय सगळ्यांनाच. पडलेलं मॅगझिन त्या दिवशी मॅचमधून बाद समजावं आणि नंतर टॉर्चखाली बघावं. आणि वाकलेल्या लिप्स पक्कडीनं सरळ करू नयेत. करून देणारे भेटतात, 'भिया, अपन दो मिनिट में कर देंगे' असं म्हणून करूनही देतात. एकदा वाकलेला पत्रा परत त्याच जागी वाकायला तयारच असतो.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग बसते. चांगल्या पोलादाची, योग्य मापाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही, ती थकते पुन्हा पुन्हा दाबून-सोडून. रोज सराव करणाऱ्याच्या स्प्रिंगवर म्हणूनच जास्त भार येतो. (भरलेलं मॅगझिन घरी ठेवू नयेच, पण त्याचं कारण सुरक्षा, स्प्रिंग नव्हे.) थकलेल्या स्प्रिंगची खूण अशी की आधीच्या गोळ्या व्यवस्थित जातात आणि चौथी-पाचवी अडते, कारण तोवर स्प्रिंग जवळजवळ पुरती उलगडलेली असते आणि जोर सगळ्यात कमी. यावर आणखी एक जुगाड आहे, स्प्रिंग काढून ओढून लांब करायची. चार दिवस चालतं, मग पहिल्यापेक्षा वाईट. नवी स्प्रिंग कंपनीकडून मिळते आणि पुऱ्या मॅगझिनपेक्षा स्वस्त पडते.

किती मॅगझिनं असावीत? माझ्या मते पिस्तुलामागे चार ते पाच. दोन मॅचची, दोन सरावाची, जमलं तर एक कोरं. नियमानं एका सिरीजला पाचच गोळ्या भरायच्या असल्यामुळे जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन घेण्यात या खेळापुरता काहीही फायदा नाही. मॅचची दोन सरावात अजिबात वापरायची नाहीत असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. ज्याच्यातून कधी गोळ्या मारल्याच नाहीत, त्याच्यावर भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर?

भरवशाचं गणित जरा उघडून बघण्यासारखं आहे. समजा एखादं मॅगझिन सरासरी शंभरात एक गोळी अडकवतं. ऐकायला बरं वाटतं. पण स्पर्धा साठ गोळ्यांची असते, आणि साठ गोळ्यांत एकदा तरी अडकण्याची शक्यता निघते सुमारे ४५ टक्के. जवळजवळ छापा-काटा. हजारात एक असेल तर ती सहा टक्क्यांच्या आत येते. म्हणजे आपल्याला हवं ते हजारात एकच्या आसपासचं. आता दुसरी बाजू. नवं मॅगझिन आणलं, पन्नास गोळ्या मारल्या, एकही अडकली नाही, म्हणजे पास? संख्याशास्त्रात यासाठी एक ठोकताळा आहे: सलग जितक्या गोळ्या बिनबोभाट गेल्या, त्या आकड्यानं तीनला भागा. पन्नास गेल्या तर तीन भागिले पन्नास, म्हणजे सहा टक्के. ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की दोष सहा टक्क्यांहून जास्त नाही. सहा टक्के म्हणजे मॅचमध्ये वाट लागली. तीनशे गेल्या तर एक टक्का. हजारात एकची खात्री हवी तर तीन हजार गोळ्या, आणि त्या कुणाला परवडणार?

म्हणून वेगळी चाचणी करत बसण्यापेक्षा रोजच्या सरावालाच चाचणी करायचं. प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर नेलपॉलिशचे ठिपके द्या: एक, दोन, तीन, चार. मार्कर तेलानं पुसला जातो, नेलपॉलिश टिकतं. वहीत तारीख, मॅगझिनचा नंबर, गोळ्यांचा ब्रँड आणि लॉट (कारखान्यातली खेप), किती मारल्या आणि काही अडलं तर कितवी गोळी, कशी अडली, एवढंच. महिन्या-दोन महिन्यांत प्रत्येकाच्या नावावर शेकडो गोळ्या जमा होतात, फुकटात. मॅचची दोन मग वहीच ठरवते.

ही वही किती कामाची असते ते आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीमुळे पुन्हा दिसलं. सुदामा नगरहून येते, नववीत आहे.

"काका, परत अडकली. पिस्तूलच खराब झालंय."

"कितव्या मॅगझिनला?"

"तीन ठिपक्यांच्या."

"आणि परवा?"

तिनं वही उलटली. "परवा पण तीनच. दोन्ही वेळा चौथी गोळी."

"मग पिस्तुलाला कशाला नावं ठेवतेस, बाळा? तीन नंबर बाजूला ठेव, त्याच लॉटच्या गोळ्या एक नंबरमधून मार."

एक नंबरमधून सगळ्या गेल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यातली मेख. गोळ्या बदलल्या, मॅगझिन बदललं, शिवाय पिस्तूलही साफ केलं, आणि जॅम थांबलं, तर काय सुधारलं ते कधीच कळणार नाही. एकाच मॅगझिनला अडतं तर दोष मॅगझिनचा. सगळ्या मॅगझिनांना पण एकाच लॉटच्या गोळ्यांनी अडतं तर दोष गोळ्यांचा. सगळ्यांना सगळ्या गोळ्यांनी अडतं तेव्हा पिस्तुलाकडे वळायचं, आणि तिथेही आधी चेंबर साफ आहे का ते बघायचं.

अडलेली गोळी कशी अडली यावरूनही बरंच कळतं. नाक खाली झुकून चेंबरच्या खालच्या काठावर टेकलं असेल तर स्प्रिंग किंवा घाण. नाक वर उभं राहिलं असेल तर लिप्स उघडलेल्या. एकदम दोन गोळ्या वर आल्या तरी लिप्सच. बोल्ट रिकामाच पुढे येऊन बंद झाला आणि गोळ्या मॅगझिनमध्ये तशाच, तर स्प्रिंग हळू आहे किंवा मॅगझिन किंचित खाली बसतंय, म्हणजे खाच बघा. पण रिकामं काडतूस बाहेर न पडता तोंडाशी उभं अडकलं, तर बहुधा मॅगझिन निर्दोष. तिथे एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) किंवा कमजोर गोळी. गोळी नीट चेंबरमध्ये गेली, ट्रिगर दाबला, नुसतंच 'टिक' झालं, तर मॅगझिननं आपलं काम केलेलं आहे. अशा वेळी पिस्तूल टार्गेटकडेच धरून थांबायचं. उशिरा सुटणारी गोळी दुर्मीळ असते, पण असते.

माळव्यातली हवा मॅगझिनच्या मुळावर येते ती दोनदा. मे महिन्यात काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे असते, आणि जुलैपासून दमट हवेनं स्प्रिंगवर तांबूस ठिपके पडतात. शिवाय .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. उन्हात ते मऊ होतं, डब्याच्या आतल्या भिंतींना लागतं, त्यावर काजळी बसते आणि धुळीशी मिळून काळा चिकट थर तयार होतो. उपाय म्हणून लोक आत तेल सोडतात, आणि धूळ आणखी चिकटते. मॅगझिन कोरडं ठेवायचं. तळपट्टी सरकवून स्प्रिंग बाहेर काढताना ती डोळ्यांकडे उडते, अंगठ्यानं धरून ठेवा. डबा आतून कापडानं पुसा. स्प्रिंगवर पावसाळ्यात तेलाचा हात फिरवून परत कोरड्या कापडानं पुसून काढा. तेल गोळ्यांना लागता कामा नये. परत जोडताना स्प्रिंगचं कोणतं टोक वर होतं हे आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवलेलं बरं.

राहिला कायद्याचा भाग, तो थोडक्यात पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग येतात. .२२ पिस्तुलाचं मॅगझिन हे मोबाईलच्या कव्हरसारखं ऑनलाइन मागवायची वस्तू नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीवर घ्यायचं. परदेशातून मागवायचं असेल तर नॅशनल रायफल असोसिएशनमार्फत नेमबाजांसाठी जी वाट आहे त्याच वाटेनं, आधी विचारून. परदेशी स्पर्धेला गेलेल्या ओळखीच्याला 'येताना दोन घेऊन ये' असं सांगू नका, कस्टमला तो अडकेल. लेथवर करून देणाऱ्याचं तर नावच काढू नका. शस्त्राचा भाग परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे, आणि बनवून घेणाराही त्यात ओढला जातो. परवान्यावर किंवा पावतीवर मॅगझिनांची संख्या लिहिलेली असेल तर ती जुळते का, हे प्रवासाआधी बघून ठेवा. विमानतळावर हत्यार मोजलं जातं तेव्हा जास्तीचं मॅगझिन समजावून सांगत बसायला वेळ नसतो. आणि नेताना ती रिकामीच हवीत.

बाहेरून यायला महिने लागतात, त्यामुळे मागणी तीन ठिपक्यांचं मॅगझिन निकामी झाल्यावर नव्हे, तर वहीत त्याच्या नावावर पहिली नोंद पडली की टाकावी. आणि बाद केलेलं फेकायचं नाही, कागदोपत्री ते तुमच्याकडेच आहे. त्याच्या तळपट्टीवर लाल पट्टा ओढायचा आणि रिकाम्या पिस्तुलानं मॅगझिन काढायचा-घालायचा सराव करण्यासाठी ठेवून द्यायचं.